आधी करंट मोजा, मग बॅटरी बदला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर एका वाचकाने विचारलं होतं की उभ्या गाडीची बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरते, काय करावं? उत्तरात दोनच उपाय छापून आले. बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नवी बसवा, आणि गाडी रोज दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवा. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. उमेदीची सगळी वर्षं याच कामात गेली. या दोन सल्ल्यांपायी लोकांचं नुकसान झालेलं मी सतत पाहतो, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, तरी शक्यतो न कापता छापावं, कारण या विषयात अर्धवट माहितीच जास्त घात करते.

बॅटरी उतरण्याची कारणं मुळात तीन. एक तर बॅटरीच आतून संपलेली असते. किंवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, तिला नीट चार्ज करत नाही. किंवा गाडी बंद असताना काहीतरी गुपचूप करंट खात असतं. या तिसऱ्या कारणाचा आपल्या उत्तरात उल्लेखसुद्धा नव्हता. प्रश्न विचारणाऱ्या वाचकाची गाडी चालवताना बिनतक्रार आणि उभी राहिली की मरते. अशा गाडीत सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो या तिसऱ्याचाच.

किल्ली काढली म्हणजे गाडीतली वीज बंद झाली असं नसतं. घड्याळ, रिमोटची हाक ऐकणारा रिसीव्हर, चोरीचा अलार्म, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी यांना चोवीस तास थोडा करंट लागतोच. सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग). काही मोठ्या गाड्यांत थोडा जास्त. हिशेब सोपा आहे. करंटला तासांनी गुणलं की अँपिअर-अवर मिळतात, म्हणून ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ४० अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी या वेगाने अर्धी व्हायला पंधरवड्याहून जास्त लागतो. आता समजा डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला. तो घेतो जवळपास ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर. शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ घेणार नाही, आणि यात बॅटरीचा काडीचाही दोष नाही. तीच बॅटरी काढून नवी बसवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग नवी बॅटरी बसवल्यावर गाडी काही दिवस बरी का चालते? माझ्या मते सगळा गैरसमज इथूनच वाढतो. बॅटरी बदलायची तर टर्मिनल काढावं लागतं. टर्मिनल निघालं की गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलची, म्हणजे छोट्या छोट्या कॉम्प्युटरची, वीज जाते आणि पुन्हा जोडल्यावर ती नव्याने सुरू होतात. एखादं मॉड्यूल अडकून जागंच राहिलं असेल, एखादा रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) चिकटून बसला असेल, तर या उलाढालीत तो सुटतो. चोर तात्पुरता पळून जातो आणि श्रेय नव्या बॅटरीला मिळतं. शिवाय नवी बॅटरी पूर्ण भरलेली असल्यामुळे तोच गळका करंट ती आणखी एखादा दिवस सोसते. महिन्याभरात गाडी पुन्हा बंद. मग गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी फॉल्टी दिली, दुकानदार म्हणतो तुम्हीच गाडी वापरत नाही. आणि एवढ्या सगळ्यांत एकानेही मीटर लावलेला नसतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की टर्मिनलला हात लावण्याआधी मोजा. एकदा टर्मिनल काढलंत की पुरावा गेला.

ज्यांना करंट मोजणं जमणार नाही, साध्या मल्टिमीटरने फक्त व्होल्टेज बघता येतो, त्यांच्यासाठी एक चाचणी आहे. तिला ना कौशल्य लागतं, ना मेकॅनिक. बॅटरी आधी चार्जर लावून पूर्ण भरून घ्या. चार्जर काढल्यावर दोन-तीन तास तशीच राहू द्या, कारण चार्जिंग झाल्या झाल्या दिसणारा व्होल्टेज वरवरचा असतो. मग निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला करा, व्होल्टेज मोजून कागदावर लिहा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी पुन्हा मोजा. पूर्ण भरलेली साधी शिसे-आम्लाची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. सकाळी आकडा जवळजवळ तोच असेल तर बॅटरी निर्दोष आहे आणि करंट गाडीच खाते. काहीही जोडलेलं नसताना १२.६ चा १२.२ झाला असेल तर मात्र बॅटरी आतूनच गळते, तेव्हा खुशाल बदला. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास येऊन थांबत असेल तर सहापैकी एक सेल गेलाय, मग पुढे काही तपासायची गरजच उरत नाही.

टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि जोडताना शेवटी जोडायचं. पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकतो. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा. काही गाड्यांत रेडिओला कोड लागतो, काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागतं, ते पुस्तिकेत बघून घ्यावं. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर झाकण लावू नका, नाहीतर आत शिरायलाच वाट राहायची नाही.

आता खरा तपास. यात सगळ्यात मोठी चूक होते ती घाईची. मेकॅनिक बॉनेट उघडतो, मीटर लावतो, मीटर ३ अँपिअर दाखवतो आणि तो जाहीर करतो, ‘लीकेज आहे!’ अहो, गाडी नुकतीच उघडलीय, तिचे सगळे कॉम्प्युटर जागे आहेत, तेवढा करंट असणारच. गाडीतली मॉड्यूल एकमेकांशी ज्या कॅन पद्धतीने बोलतात, ती बॉश कंपनीने १९८६ साली जगासमोर आणली. आजच्या गाडीत अशी डझनावारी मॉड्यूल एकाच जोडणीवर असतात. गाडी बंद करून लॉक केली की ती एकेक करून झोपी जातात. कुठल्या गाडीला दहा मिनिटं लागतात, कुठल्या गाडीला अर्धा-पाऊण तास. त्यातलं एक जरी जागं राहिलं तरी ते बाकीच्यांची झोप मोडतं. म्हणून मीटर लावायचा, गाडी लॉक करायची आणि चक्क वाट बघायची. आकडा पायऱ्या उतरल्यासारखा ३ वरून १ वर, मग ०.३, मग ०.०३ असा आला तर गाडी निरोगी आहे. एखाद्या पायरीवर अडकला, किंवा खाली जाऊन थोड्या थोड्या वेळाने पुन्हा उसळत राहिला, तर चोर आहे.

वाट बघताना गाडीला जागं करायचं नाही, आणि हेच भल्याभल्यांकडून होत नाही. फ्यूजची पेटी आत असेल तर दार उघडंच ठेवावं लागतं. मग दाराच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवून ठेवायची, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. बॉनेटच्या कुलपालाही स्विच असेल तर त्याचंही तसंच. काम झाल्यावर दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ पुन्हा मोकळी करायला विसरू नका. बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली खिशात ठेवून शेजारी उभं राहू नका, ती लांब नेऊन ठेवा. अशा काही गाड्या किल्ली जवळ आली की स्वतःहून जाग्या होतात. घरात दाराजवळच्या खुंटीवर किल्ली आणि भिंतीपलीकडे गाडी, एवढ्या एका कारणानेही गाडी वारंवार जागी होऊ शकते.

करंट मोजायला उत्तम साधन म्हणजे डीसी क्लॅम्प मीटर. नुसता एसी मोजणारा क्लॅम्प इथे चालत नाही, तो शून्यच दाखवणार. डीसी क्लॅम्प आधी शून्यावर आणायचा आणि मग निगेटिव्ह टर्मिनलकडून निघणाऱ्या सगळ्या वायरी त्याच्या जबड्यात एकत्र घ्यायच्या. काहीही तोडावं लागत नाही, म्हणजे पुरावाही शाबूत राहतो. क्लॅम्प नसेल तर साधा मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत वायर घालून, निगेटिव्ह टर्मिनल आणि बॅटरी यांच्या मधे जोडता येतो. पण तेव्हा आधी एका जंपर वायरने दोन्ही टोकं जोडून ठेवायची, मग टर्मिनल सैल करायचं, मीटर लावायचा, आणि गाडी झोपल्यावरच जंपर काढायचा. मीटर मधे असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा, कारण छोट्या गाडीचा स्टार्टरही शंभर अँपिअरच्या वर ओढतो. काम झाल्यावर वायर पुन्हा व्होल्टच्या खाचेत घालायची. ती अँपिअरच्या खाचेत राहिली आणि कोणी तसाच बॅटरीचा व्होल्टेज मोजायला गेला, तर तो सरळ शॉर्ट होतो.

करंट जास्त आहे हे कळलं. आता कुठे जातोय? जुनी रीत म्हणजे एकेक फ्यूज काढत जायचं आणि मीटर कधी खाली येतो ते बघायचं. साध्या गाड्यांत ती चालायची. आजच्या गाडीत फ्यूज काढून परत लावला की त्या लाइनवरचं मॉड्यूल जागं होतं, ते बाकीच्यांना उठवतं, आणि पुन्हा अर्धा तास बसावं लागतं. कधी कधी तर फ्यूज काढल्यामुळेच अडकलेलं मॉड्यूल सुटतं आणि दोष गायब होतो. त्यापेक्षा फ्यूज जागच्या जागी ठेवून त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजावा. पात्याच्या फ्यूजला डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात ते त्यासाठीच. फ्यूज ही एक बारीक तार आहे, तिलाही थोडा रोध असतो. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध असतो साधारण ओहमचे ७ ते ८ हजारांश. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून ठिपक्यांवर टोकं टेकवली आणि ३ मिलिव्होल्ट दिसले, की त्या फ्यूजमधून अंदाजे ०.४ अँपिअर जातोय. शून्य दिसलं की पुढचा फ्यूज. एकही फ्यूज न हलवता सगळी पेटी पाच-दहा मिनिटांत तपासून होते. ही रीत प्रत्येक गॅरेजमध्ये शिकवली जावी अशी माझी तळमळ आहे.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. एका परिचारिकाताईंची छोटी गाडी होती. रात्रपाळी करून पहाटे निघायचं तर कधी गाडी चालू व्हायची, कधी नाही. एका गॅरेजने बॅटरी बदलून दिली, पुढे तीही उतरायला लागली तेव्हा वॉरंटीत आणखी एक दिली. माझ्याकडे आल्या तेव्हा अगदी रडकुंडीला आल्या होत्या. ‘दादा, मी आता तिसरी बॅटरी आणू का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. गाडी माझ्याकडे लावून मोजली तर सगळं ठीक. मॉड्यूल झोपली आणि आकडा ०.०२ वर येऊन थांबला. अशा वेळी ‘गाडीत काही नाही’ म्हणून परत पाठवणं सोपं असतं. पण ताई खोटं बोलत नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही रोज जिथे लावता आणि जशी लावता, तशीच लावा, मी तिथे येऊन मोजतो.

त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी मागे घेत भिंतीला जवळजवळ टेकवून लावली, ब्रेक सोडला, लॉक केली आणि आत गेल्या. मी क्लॅम्प लावला. पाऊण तास झाला तरी आकडा साडेतीनच्या खाली येईना. फ्यूजवर मीटर फिरवला, तर सगळे शून्याच्या आसपास आणि ब्रेकलाइटच्या १५ अँपिअरच्या फ्यूजवर सोळा मिलिव्होल्ट. गाडीच्या मागे वाकून भिंतीच्या फटीत पाहिलं, तर भिंत लाल झालेली. दोन्ही ब्रेकलाइट जळत होते. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, आठ-दहा तासांत त्या छोट्या बॅटरीत सेल्फपुरताही जोर उरणार नाही. गाडीचा मागचा भाग भिंतीकडे असल्यामुळे तो उजेड ना ताईंना दिसला, ना पहारेकऱ्याला.

मग पॅडलकडे गेलो. ब्रेक पॅडलच्या वरच्या बाजूला एक स्विच असतो. पॅडल सुटलं की त्याची दांडी दाबली जाते आणि दिवे विझतात. पॅडलच्या पत्र्याला जिथे ती दांडी टेकते तिथे एक भोक असतं, आणि त्या भोकात शर्टाच्या बटणाएवढा प्लॅस्टिकचा थांबा बसवलेला असतो. ते प्लॅस्टिक उन्हातान्हात ठिसूळ होतं. ताईंच्या गाडीतला थांबा अर्धा तुटून मॅटवर त्याचे पिवळट तुकडे पडले होते. उरलेला अर्धा भोकात वाकडा लटकत होता. पॅडल सरळ वर आलं तर दांडी त्या अर्ध्या तुकड्यावर टेकायची आणि दिवे विझायचे, जरा तिरकं आलं तर दांडी भोकातून आरपार जायची आणि दिवे जळत राहायचे. म्हणून कधी व्हायचं, कधी नाही. माझ्याकडे लावलेली तेव्हा नेमकं पॅडल सरळ आलं होतं. नवा थांबा बसवायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ मॅट झटकायला लागला. आधीच्या दोन बॅटऱ्यांत दोष असा नव्हता, पण वारंवार पूर्ण उतरून त्यांची ताकद गेली ती गेलीच.

वाचकांनी यातून एवढं जरूर करावं. अंधारात गाडी लॉक करून तिच्याभोवती एक फेरी मारा, मागचे दिवे बघा. डिकीचा आणि समोरच्या कप्प्याचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का हे पाहायचं असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून तो आत ठेवा आणि झाकण लावा.

माझ्या अनुभवात मूळ गाडीपेक्षा नंतर बसवलेल्या वस्तूच जास्त करंट खातात. गाणी लावायच्या टेपला दोन वेगळ्या वायरी लागतात, कायम चालू असलेली पिवळी आणि किल्लीबरोबर चालू होणारी लाल. बसवणाऱ्याने आळसाने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाइनवर टाकल्या की टेप रात्रंदिवस जागा राहतो. उभ्या गाडीतही चित्रण करणारा डॅशकॅम, ट्रॅकर, स्टिअरिंगखालच्या तपासणी सॉकेटमध्ये कायमचं खोचून ठेवलेलं यंत्र, ॲम्प्लिफायर, किल्ली काढल्यावरही चालू राहणाऱ्या सॉकेटमधला चार्जर. यातल्या ज्या वस्तू सहज निघतात त्या आधी काढाव्यात आणि गाडी दोन-तीन दिवस बघावी. फुकटात होणारा तपास आहे. रिले चिकटला असेल तर तो हातालाही कळतो. गाडी तासन् तास बंद असून पेटीतला एकच रिले कोमट लागतो, बाकीचे गार.

एकही फ्यूज मिलिव्होल्ट दाखवत नाही पण एकूण करंट जास्त आहे, असं झालं तर अल्टरनेटरकडे वळावं. त्याची जाड वायर या लहान फ्यूजमधून जातच नाही. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात, ते करंट फक्त बॅटरीकडे जाऊ देतात. एखादा गळका झाला की गाडी बंद असताना बॅटरीतूनच उलटा करंट जायला लागतो, आणि तो डायोड काही वेळा चार्जिंगच्या आकड्यात फारसा फरक दाखवत नाही. निगेटिव्ह काढून, ती जाड वायर सोडवून, तिचं टोक चिकटपट्टीने नीट गुंडाळून, निगेटिव्ह परत जोडून मोजायचं. करंट खाली आला की गुन्हेगार सापडला. चालू इंजिनमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘तपासण्याची’ पद्धत मात्र कृपा करून कोणी वापरू नये. त्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि एखादं मॉड्यूल कायमचं जाऊ शकतं.

राहिला रोज दहा मिनिटं गाडी चालू ठेवण्याचा सल्ला. सेल्फ मारण्यात फारशी वीज जात नाही. १५० अँपिअर दोन सेकंद, म्हणजे ०.१ अँपिअर-अवरपेक्षाही कमी. तेवढी तर लगेच भरून निघते. पण रात्रभरात १० अँपिअर-अवर गळाले असतील तर ते दहा मिनिटांत भरत नाहीत. जागेवर फिरणाऱ्या इंजिनवर अल्टरनेटर आपल्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली चालतो आणि त्यातलंही पंखा, इंजेक्शन, दिवे खातात. शिसे-आम्लाची बॅटरी, जी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली, ती आजही आपल्याच गतीने चार्ज घेते. रिकामी झालेली पूर्ण भरायला कित्येक तास लागतात. अशी अर्धपोटी ठेवली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, ते पुन्हा विरघळत नाहीत आणि क्षमता कायमची घटते. म्हणजे रोजच्या दहा मिनिटांनी गळती झाकली जाते आणि बॅटरी मात्र हळूहळू मरते. भरीला इंधन जळतं, थंड इंजिनात ओलावा साठतो. बंद गॅरेजमध्ये कोणी असं केलं तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो, हा इशारासुद्धा आपल्या उत्तरात नव्हता. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला आपोआप थांबणारा चार्जर लावावा, नाहीतर निगेटिव्ह काढून ठेवावं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनीही आपला संबंध नाही असं समजू नये. त्यांच्या गाडीतही बहुधा एक लहान १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

आपल्या पानामार्फत मला दोघांकडे मागणी करायची आहे. गॅरेजवाल्या बंधूंनी ‘बॅटरी बदलली’ असं बिल करण्याआधी तीन आकडे गिऱ्हाइकाला लिहून द्यावेत : बॅटरीचा विसावलेला व्होल्टेज, इंजिन चालू असताना चार्जिंगचा व्होल्टेज (तो साधारण १४ ते १४.७ असावा), आणि गाडी झोपल्यावरचा करंट. शेवटच्या आकड्यासाठी गाडी तासभर ठेवून घ्यावी लागेल, आणि त्या तासाचा मेहनताना मागायला काहीच हरकत नाही. लोक तो आनंदाने देतील, कारण नव्या बॅटरीपेक्षा तो नक्कीच कमी असेल. गिऱ्हाइकांनीही हे आकडे मागायला संकोचू नये.

दुसरी मागणी गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडे. पुस्तिकेत टायरमध्ये किती हवा भरायची ते लिहिता, ऑइल किती लागतं ते लिहिता. मग लॉक केलेली गाडी किती मिनिटांत झोपते आणि त्यानंतर किती मिलिअँपिअर घेते, हेही लिहा. आकडे तुमच्याकडे असतातच, त्याशिवाय बॅटरी कुठल्या मापाची बसवायची हे ठरवताच येणार नाही. आज आम्ही कारागीर अंदाजाने ५० मिलिअँपिअर धरतो. एखाद्या गाडीला ८० हाच नियम असेल तर आम्ही नसलेला दोष शोधत बसतो, आणि एखादीला १५ पुरेसे असतील तर तिचा खरा दोष ‘नॉर्मल आहे’ म्हणून सोडून देतो.

आणि संपादक महोदय, ज्या वाचकाने मूळ प्रश्न विचारला होता, त्यांनी अजून नवी बॅटरी घेतली नसेल तर त्यांना एवढं जरूर कळवा : बॅटरी चार्ज करून आज रात्री निगेटिव्ह काढून ठेवा, सकाळी व्होल्टेज मोजा, आणि काय आकडा आला ते आपल्याच पानावर कळवा. पुढे काय करायचं ते मी सविस्तर लिहीन.

आपला नम्र,
वाहनांच्या वायरिंगचं काम करणारा एक नियमित वाचक